मागचे आवाज लिहिणारे देवरे

देवरे फोनवर निरोप धाडतात तेव्हा आजूबाजूचे आवाजही लिहून पाठवतात. चौकोनी कंसात. "सर, दहा मिनिटांत पोचतो. [द्वारका सिग्नल. चार हॉर्न, एक शिवी.]" असा निरोप पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, माणूस गंमत करतोय. पण देवरे गंमत करत नाहीत. ऑफिसात आल्यावर मी विचारलं, "शिवी कुणी दिली?" तर हेल्मेट काढत म्हणाले, "ते दिसलं नाही. म्हणून नाव लिहिलं नाही."

कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. आम्ही लोकांना वेबसाइट बनवून देतो. द्राक्षवाले, क्लासवाले, दवाखानेवाले, सगळे येतात. आम्ही चौघं आहोत आणि चौघांत देवरे वयानं मोठे, पन्नाशी ओलांडलेले. साइटवर व्हिडिओ बसवायचा असला की ते काम देवऱ्यांचं. आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ बसवण्यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं. दुसऱ्या साइटवरून कोड उचलायचा, आपल्या पानात चिकटवायचा, चित्र हलायला लागलं की झालं. माझं आयुष्य असं सुखात चाललं होतं.

मग देवरे आले. मुलाखतीलाच गोंधळ झाला. मी प्रश्न विचारला, त्यांचे ओठ हलले, हात हलले, पण आवाज काही आला नाही. माझे कान बसले की काय म्हणून मी जांभई देऊन पाहिली. ते भानावर आले आणि म्हणाले, "माफ करा सर. घरची सवय."

घरची सवय म्हणजे अशी. देवरे मूळचे नामपूरकडचे. वडील, म्हणजे आबा, तरुणपणीच गाव सोडून मालेगावला यंत्रमागावर कामाला लागले. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार नुसते ओठ आणि हात हलवून बोलतात. आबांनी चाळीस वर्षं तसं काढलं आणि शेवटी कान गेले ते गेलेच. मशीन कानाला लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्यामुळे देवऱ्यांच्या घरी आजही आवाज न करता बोलतात. भांडणसुद्धा तसंच होतं म्हणे. शेजाऱ्यांना वाटतं, किती समजूतदार कुटुंब.

तर व्हिडिओ. वेबसाइट कशी लिहावी याचे जगभर ठरलेले नियम आहेत. ते मोडले म्हणून कुणी पोलीस येत नाही, पावती फाटत नाही, साइटही बहुतेक वेळा चालते. त्यामुळे ते पाळण्याचा प्रश्न आमच्या धंद्यात फारसा कुणाला पडत नाही. देवऱ्यांना पडतो. टपरीवर चहाला जातानाही हेल्मेट घालणारा माणूस आहे हा. कुठलीही साइट दाखवा, ते चित्रं बघत नाहीत, उजवं बटण दाबून आतला कोड उघडतात. येवल्याला पैठणी घ्यायला गेलेली बाई आधी पदराची उलटी बाजू बघते, तसं. "वरून छान आहे हो," म्हणतात, "आतून बघा की."

"पण चालतंय ना?" मी विचारतो.

"चालतंय सर. बरोबर नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी दिवसातून सहा वेळा ऐकतो. घरी बायकोनं केलेल्या पिठल्याला मीही एकदा तसंच म्हणालो आणि दोन दिवस त्याची फळं भोगली.

न विचारता आपोआप वाजणारा व्हिडिओ देवऱ्यांना खपत नाही. "पाहुणा दारात उभा नाही तोवर लाऊडस्पीकर कशाला?" व्हिडिओची लांबीरुंदी आधी लिहून ठेवायची, नाही तर पान उघडताना मजकूर खाली उडी मारतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. बाहेरचा व्हिडिओ चौकटीत बसवायचा तर चौकटीला नाव द्यायचं, कारण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला संगणक पान वाचून दाखवतो, आणि नाव नसेल तर तो नुसतं "चौकट" म्हणून पुढं जातो. "कोणाला कळणार सर, चौकटीत लग्न आहे का ट्रॅक्टर?" काम झालं की ते पान नियम तपासणाऱ्या यंत्राला देतात. चुका शून्य आल्याशिवाय चहा पीत नाहीत. खाली टपरीवाल्या मावशी मला विचारतात, "आज देवरेसाहेब चारलाच आले, सोपं काम होतं का?"

आणि एक नियम असा, की एखाद्याच्या जुन्या फोनवर व्हिडिओ दिसतच नसेल तर त्याच्यासाठी तिथं चार शब्द लिहून ठेवावेत. बाकीचे लोक "तुमचा ब्राउझर चालत नाही" असं तोंडावर मारतात. देवरे लिहितात, "आपल्या यंत्रावर हा व्हिडिओ दिसत नसल्यास क्षमस्व. खालच्या दुव्यावरून उतरवून घ्यावा. तेही न जमल्यास ऑफिसला फोन करावा, तोंडी सांगू." खाली आमचा नंबर. मी हसलो. असा फोन कोण करणार?

सुरगाण्याहून आला. ठिबक सिंचनाचे पाइप कसे जोडायचे, असा एका दुकानदाराच्या साइटवरचा व्हिडिओ होता. समोरच्या माणसाला डोंगरात रेंज जेमतेम, फोन जुनाट. देवऱ्यांनी माझ्यासमोर बसून पंचवीस मिनिटं तो व्हिडिओ सांगितला. "आता एक माणूस आलाय. निळा शर्ट. हातात काळा पाइप. थांबा, थांबा, तो घाम पुसतोय. हां. आता डावीकडं फिरवतोय. झालं? तुमचा बसला का?" तिकडून बसला असं कळल्यावरच त्यांनी पाणी प्यायलं. माझी मीटिंग तोवर टळून गेली होती.

पण देवऱ्यांचा खरा जीव व्हिडिओखालच्या अक्षरांत. बोललेलं खाली लिहून दाखवायचं, हे सगळेच जाणतात. नियम म्हणतो, नुसतं बोलणं नाही, महत्त्वाचे आवाजही लिहा. आता महत्त्वाचे कोणते, हे नियम करणाऱ्यांनी थोडं सैल सोडलं आणि ते देवऱ्यांच्या हाती सापडलं. ते कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, एकेक सेकंद ऐकत बसतात. दवाखान्याच्या व्हिडिओत डॉक्टर गंभीरपणे मधुमेहाविषयी बोलतायत आणि खाली अक्षरं येतात, "[बाहेर भंगारवाला]".

"हे कशाला?" मी एकदा वैतागलो.

"ऐकू येणाऱ्याला भंगारवाला ऐकू येतोय ना सर? मग न येणाऱ्यानं काय पाप केलं?"

"आपल्या साइटवर असा येतो तरी कोण? एक तुमचे आबा."

"मला एकच माहीत आहे," ते म्हणाले, "म्हणजे एकच आहे असं नाही."

आबांचं मला माहीत होतं. नवी साइट सुरू झाली की देवरे घरच्या टॅबवर ती आबांसाठी उघडून ठेवतात. आबा टोपी घालून, खुर्ची ओढून, सिनेमाला बसल्यासारखे बसतात आणि व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. द्राक्षांचं पॅकिंग असो की दातांचं रोपण, त्यांना चालतं. रस्त्यावरचा भंगारवाला त्यांना वीस वर्षांनी त्या मधुमेहाच्या व्हिडिओतच भेटला, असं देवऱ्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी "हो का" म्हणून पुढच्या कामाला लागलो होतो.

मग अण्णांचं काम आलं.

अण्णांचं गंगापूर रोडच्या बाजूला मोठं लॉन्स आहे. लग्नाच्या तारखा वर्षभर आधी भरतात असं ते स्वतः सांगतात. त्यांना साइट हवी होती आणि पहिल्याच पानावर एका खऱ्या लग्नाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ. फुलांचा मांडव, वरून ड्रोननं घेतलेला, बघत राहावं असा. देवऱ्यांनी दोन दिवस ऐकून अक्षरं बसवली. अण्णा बघायला आले, सोबत दोन माणसं. मी खुर्च्या पुसून घेतल्या होत्या.

व्हिडिओ सुरू झाला. "[सनई]" आलं, अण्णा खूश. "[अक्षता पडतात, अगदी हलका आवाज]" आलं, अण्णांनी मान डोलावली. मग मांडवावरून कॅमेरा फिरला आणि खाली ठळक अक्षरांत आलं, "[मागे एक बाई: जिलबी संपली वाटतं]". पाठोपाठ "[एक गृहस्थ: इकडचा पंखा बंदच आहे]". आणि सप्तपदी चालू असताना सलग चाळीस सेकंद "[जनरेटर]".

अण्णा उठून उभे राहिले. "माझ्या लॉन्सवर जिलबी संपत नाही!"

देवरे शांतपणे म्हणाले, "एक मिनिट बारा सेकंदाला ऐका. लावू का?"

"अहो, आणि जनरेटर? आमचा जनरेटर सायलेंट आहे! मी पत्रकात छापलंय!"

"पत्रक मी नाही वाचलं," देवरे म्हणाले. "आवाज ऐकला."

मी मध्ये पडलो. अण्णांना सरबत दिलं, देवऱ्यांना बाहेर नेलं. "जिलबी तेवढी काढा हो."

"व्हिडिओतून आवाज काढा सर, मी लगेच अक्षर काढतो. आवाज राहणार आणि अक्षर जाणार, हे नाही जमायचं."

तोडगा म्हणून मी सुचवलं, अक्षरं बंद ठेवू, कोपऱ्यातलं बटण दाबलं की दिसतील. नियमातही बसतं.  "बसतं नियमात," देवरे म्हणाले, "पण आबांना ते बटण सापडत नाही. तीनदा दाखवलं. बोट थरथरतं, भलतंच काही उघडतं, मग टॅब बाजूला ठेवून देतात. अक्षरं आपोआप येतात म्हणून बघतात ते." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस नियमापेक्षा जास्त काही मागत होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते लक्षातून काढून टाकलं.

अण्णांना अक्षरंच नको होती. कुठलीच नकोत. फुलांच्या मांडवावर अक्षरांची काळी पट्टी म्हणजे अपशकुन, असं त्यांच्या सोबतच्या माणसानं सांगितल्यावर तर प्रश्नच मिटला. देवऱ्यांना मात्र मी, अण्णांना समजावतो, अक्षरं राहतील, एवढंच सांगितलं. शुक्रवारी देवरे नामपूरला भाच्याच्या लग्नाला निघाले, बायकोमुलांसकट, रविवारी रात्री परत. आबांना प्रवास झेपत नाही म्हणून ते घरीच, डबा शेजारच्या वहिनी देणार. जाताना देवऱ्यांनी घरच्या टॅबवर अण्णांच्या साइटचा पत्ता टाकून ठेवला होता, शनिवारी सकाळी सुरू होणार म्हणून. तेही त्यांनी मला सांगितलं.

आणि शनिवारी सकाळी मी देवऱ्यांच्या कामातली ती एक ओळ काढली. एकच ओळ असते. अक्षरांची फाइल कुठं आहे, हे व्हिडिओला सांगणारी. ती पुसली की फाइल जागच्या जागी राहते, फक्त व्हिडिओला तिचा पत्ता राहत नाही. पुसायला मला पाच सेकंद लागले. अण्णांचा फोन आला, "आता कसं! एकदम स्वच्छ!" आबांचं काय, हा विचार मनात आला होता. नाही आला असं म्हणणार नाही. एक व्हिडिओ नाही वाचला तर काय बिघडतं, असं मी त्याला उत्तर दिलं आणि मिसळ खायला गेलो.

सोमवारी देवरे आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आणलंय. दिसत नाही म्हणतात." मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, वय झालं, हल्ली दहा मिनिटांत ऑपरेशन होतं. फार धीर दिला मी त्यांना.

बाराच्या सुमारास ते थेट ऑफिसातच आले, आबांना हाताला धरून. आबांना मी पहिल्यांदा बघत होतो. बारीक, ताठ, पांढरी टोपी, डोळ्यांत थेंब घातल्यामुळे काळा चष्मा. देवऱ्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः उभेच राहिले आणि मला म्हणाले, "सर, माझ्याकडून मोठी चूक झाली."

मला काहीच कळेना.

झालं होतं असं. शनिवारी आबांनी टॅबवर अण्णांचं लग्न लावलं. मांडव दिसला, नवरानवरी दिसली, पण अक्षरं आली नाहीत. पुन्हा लावलं. चष्मा पुसून लावलं. टॅब खिडकीत नेऊन लावलं. मुलानं अक्षरं दिली नसतील हे त्या माणसाच्या मनातच आलं नाही. मुलाच्या व्हिडिओत अक्षरं असतातच. तेव्हा ती आहेत, आणि आपल्याला दिसत नाहीत. पेपर वाचता येत होता, पण त्याचाही अर्थ त्यांनी लावला. आधी पळती अक्षरं जाणार, मग बसलेली. कान असेच गेले होते, आधी बारीक आवाज, मग सगळे. दोन दिवस त्यांनी डब्यातलं अर्धंही खाल्लं नाही. वहिनींना सांगून पेपर बंद केला. नाही तरी आता वाचता येणार नाही, म्हणून. रविवारी रात्री देवरे दारात आले तर आबा म्हणाले, "मना डोया बी गयात रे." डोळेही गेले.

"डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत आहे," देवरे सांगत होते. "सगळ्या ओळी वाचल्या त्यांनी. तरी विश्वास बसेना. मग मी विचारलं, काय दिसलं नाही? तर म्हणाले, लग्नातली अक्षरं. तिथंच फोनवर पान उघडून आतून बघितलं. ओळच नाही सर. माझ्याकडून ओळच राहिली. शून्य चुका दाखवत होतं, मी दोनदा बघितलं होतं. कशी राहिली कळत नाही. अण्णांना काही बोलू नका, मी आत्ता टाकतो."

ते माझी माफी मागत होते. कॉलरपर्यंत बटणं लावलेला, रात्रभर न झोपलेला माणूस, माझ्या टेबलासमोर उभा राहून. मी काढली असेन हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती आणि पुन्हा वाटू नये.

"देवरे," मी म्हटलं, "तुमची नाही राहिली. मी काढली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, जसं एखाद्या पानात सापडलेल्या चुकीला हलवतात. मग आबांकडं वळले, त्यांचा काळा चष्मा वर केला आणि ओठांनी, हातांनी काहीतरी सांगितलं. आवाज नाही, मला एक शब्द कळला नाही. आबा टक लावून मुलाच्या ओठांकडं बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात हसले. शेजारच्या ऑफिसातली माणसं डोकावली.

ओळ मी माझ्या हातानं परत लिहिली. देवऱ्यांनी मागं उभं राहून दोन चुका काढल्या. आबांनी थेंबांचा असर उतरेपर्यंत वाट पाहिली, माझ्या खुर्चीवर बसून अख्खं लग्न वाचलं आणि मला बोटानं जवळ बोलावून म्हणाले, "आते दिखस." आता दिसतंय. खालून मागवलेल्या दोन प्लेट पोह्यांपैकी माझीही त्यांनीच खाल्ली.

संध्याकाळी मी अण्णांना फोन करून सांगितलं, अक्षरं राहतील. ते म्हणाले, मग आमचं काम राहू द्या. गेले ते. दुसरीकडं साइट करून घेतली त्यांनी, उघडली की न विचारता सनई वाजते.

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तेव्हा मी भीत भीत विचारलं, "आबांना माझ्याविषयी काय सांगितलंत?"

"तुमचं नाही सांगितलं," देवरे म्हणाले. "माझ्याकडून राहिली म्हटलं."

"अहो, पण का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मुद्दाम कुणी काढली असं कळलं असतं, तर पुढच्या प्रत्येक व्हिडिओला ते शंका घेत बसले असते. सगळं दिलंय का, की काही लपवलंय. पोरगा विसरला म्हटलं की भागतं. पोरगा विसरू शकतो."

चुका शून्य आल्याशिवाय चहा न पिणारा हा माणूस त्या दिवशी माझी चूक स्वतःच्या नावावर लिहून चहा पीत होता.  मी दुसरा चहा मागवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.